सोर्सपासून कंपायलर: जीसीसी आणि एलएलव्हीएम यांच्या बिल्डचे परीक्षण

कंपायलर, म्हणजे लिहिलेला कोड यंत्राला चालवता येईल अशा रूपात बदलणारा प्रोग्राम, सोर्सपासून (त्याच्या मूळ कोडपासून) बांधण्याची वेळ बहुतेक प्रोग्रामरांवर येत नाही, कारण लिनक्सच्या कोणत्याही वितरणात तो तयार पॅकेज म्हणून मिळतो आणि ते पॅकेज बांधणाऱ्यांनी आपल्यापेक्षा जास्त विचार केलेला असतो. ज्यांच्यावर ती वेळ येते त्यांची कारणे मात्र पक्की असतात. कुणाच्या सर्व्हरवरचा कंपायलर इतका जुना असतो की सी++ च्या नव्या मानकातल्या सुविधा त्याला उमगत नाहीत आणि रूटचे अधिकार नसल्यामुळे तो बदलताही येत नाही; कुणाला वेगळ्या प्रोसेसरसाठी कोड तयार करणारा क्रॉस-कंपायलर हवा असतो; तर कुणाला कंपायलरच्याच कोडमध्ये हात घालायचा असतो. अशा वाचकांसाठी जीसीसी आणि एलएलव्हीएम या दोन मोठ्या मुक्त कंपायलर-संचांच्या बिल्ड-व्यवस्थेचे, म्हणजे सोर्सपासून ते बांधण्याच्या यंत्रणेचे, हे परीक्षण आहे. या कंपायलरांतून निघणारा कोड किती वेगाने धावतो हा येथे विषय नाही. सोर्स उतरवून घेतल्यापासून वापरण्याजोगा कंपायलर हाती येईपर्यंत काय घडते एवढेच पाहायचे आहे.

त्यासाठी मी एकच निकष लावला आहे: काही चुकले तर ते किती लवकर कळते, आणि कळल्यावर कुठे पाहावे हे बिल्ड स्वतः सांगते का. सामान्य यंत्रावर तासन्‌तास चालणाऱ्या कामात पहिल्या मिनिटाला आलेली त्रुटी ही सोय असते आणि तीच त्रुटी शेवटच्या टप्प्यावर आली तर सारा दिवस वाया जातो. दोन्ही संच या कसोटीवर पूर्ण उतरत नाहीत, पण ते वेगवेगळ्या ठिकाणी कमी पडतात, आणि निवड करताना हा फरक वेगाच्या आकड्यांपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

जीसीसीची पहिली आवृत्ती रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केली, आणि त्याच्या बिल्डवर त्या वयाच्या खुणा स्पष्ट दिसतात. यंत्र तपासून बिल्डची मांडणी ठरवणारी, ऑटोकॉन्फ या साधनाने तयार केलेली कॉन्फिगर स्क्रिप्ट, तिच्या पोटात प्रत्येक उपफोल्डरची स्वतंत्र कॉन्फिगर स्क्रिप्ट आणि या सगळ्यांवर कामे क्रमाने चालवणारे मेक हे साधन, अशी ही रचना आहे. सुरुवात मात्र अपेक्षेपेक्षा सुखाची होते. जीएमपी, एमपीएफआर आणि एमपीसी या तीन गणिती लायब्ररी लागतात. चौथी आयएसएल ऐच्छिक आहे. त्या यंत्रावर नसल्या तरी बिघडत नाही, कारण सोर्सच्या कॉन्ट्रिब फोल्डरमधली डाउनलोड-प्रीरिक्विझिट्स ही छोटी स्क्रिप्ट या सर्व लायब्ररींच्या योग्य आवृत्त्या आणून सोर्सच्या झाडातच (फोल्डरांच्या रचनेतच) ठेवते आणि मग त्या कंपायलरबरोबरच बांधल्या जातात. माझ्या मते नव्याने बिल्ड करणाऱ्याने हाच मार्ग घ्यावा. या लायब्ररी हाताने वेगळ्या ठिकाणी बसवल्या तर पुढे त्यांच्या वाटा कंपायलरला दाखवत बसावे लागते, आणि त्या नीट न दाखवल्याचे परिणाम कसे होतात ते खाली येईलच.

दुसरी अट अशी की बिल्ड सोर्सच्या फोल्डरमध्ये करायचे नाही. सोर्सच्या बाहेर रिकामे फोल्डर करून तिथून कॉन्फिगर चालवायचे. जीसीसीच्या सूचनापत्रात हे ठासून लिहिलेले आहे, तरीही सवयीने लोक टार फाइल उघडतात, त्याच फोल्डरमध्ये कॉन्फिगर चालवतात आणि नंतर न समजणाऱ्या त्रुटींशी झगडतात. वेगळ्या फोल्डरचा आणखी एक फायदा आहे: पर्याय बदलायचे असतील तेव्हा ते फोल्डर पुसून नवे करता येते आणि आधीच्या बिल्डचे अवशेष नव्यात मिसळत नाहीत.

आता मुख्य भाग, म्हणजे कॉन्फिगरची ओळ. प्रिफिक्स (कंपायलर बसवायचे ठिकाण) दिला नाही तर कंपायलर यूएसआर-लोकलमध्ये बसतो. तो स्वतःच्या होम फोल्डरमधल्या वेगळ्या ठिकाणी द्यावा. भाषांची यादी दिली नाही तर सी आणि सी++ बरोबर फोरट्रान आणि ऑब्जेक्टिव्ह-सी हेही बांधले जातात, त्यामुळे हव्या तेवढ्याच भाषा लिहून वेळ वाचवावा. एडा हवी असेल तर एडाचा कंपायलर आधीपासून यंत्रावर असावा लागतो, आणि जीसीसी १२ पासून डी भाषेचीही तीच गत आहे, कारण त्या भाषेचा कोड वाचणारा कंपायलरचा पुढचा भाग (फ्रंट-एंड) आता त्याच भाषेत लिहिलेला आहे. सी++ साठी एवढी अडचण नाही, पण अट तिथेही आहे: जीसीसी ४.८ पासून कंपायलर बांधायला सी++ चा कंपायलर लागतो आणि जीसीसी १५ पासून त्याला सी++१४ यावे लागते. म्हणजे फार जुन्या यंत्रावर अगदी नवा जीसीसी हवा असेल तर मधली एखादी आवृत्ती आधी बांधून मग वर चढावे लागते.

माझ्या निकषावर जीसीसीची सर्वांत चांगली जागा मल्टिलिबच्या तपासणीत सापडते. ६४ बिटांच्या यंत्रावर जीसीसी मुळात ३२ बिटांच्या लायब्ररीही बांधू पाहतो. त्यासाठी लागणाऱ्या सी लायब्ररीच्या फाइली यंत्रावर नसतील तर कॉन्फिगर पहिल्याच मिनिटाला थांबते, आपल्याला कशाचा संशय आहे ते सांगते, आणि फक्त ६४ बिटांचा कंपायलर हवा असेल तर डिसेबल-मल्टिलिब हा पर्याय देऊन पुन्हा चालवा असा उपायही लिहून देते. त्रुटीचा संदेश कसा असावा याचा हा नमुना आहे. असे संदेश या बिल्डमध्ये आणखी असते तर हे परीक्षण इथेच संपवता आले असते.

पण तसे नाही. सर्वांत वरची कॉन्फिगर स्क्रिप्ट यशस्वी झाली म्हणजे सगळे तपासून झाले, असा समज होणे स्वाभाविक आहे आणि तो चुकीचा आहे. उपफोल्डरांच्या कॉन्फिगर स्क्रिप्ट मेक सुरू झाल्यावर, त्या त्या फोल्डरची पाळी येईल तेव्हा चालतात. परिणामी बराच वेळ सुरळीत चाललेले बिल्ड लिबजीसीसी या जीसीसीच्या सहायक लायब्ररीच्या कॉन्फिगरपाशी येऊन आदळते, आणि पडद्यावर संदेश उमटतो की ऑब्जेक्ट फाइलींचा (कंपाइल होऊन निघणाऱ्या फाइलींचा) प्रत्यय ठरवता येत नाही, कारण कंपाइल होत नाही. या संदेशाचा शब्दशः अर्थ घेऊन काहीच साधत नाही. खरी हकिगत एवढीच असते की नुकताच बांधलेला कंपायलर चालवून पाहिला आणि तो चाललाच नाही. बहुतेक वेळा एमपीसी किंवा तिच्या जोडीची एखादी लायब्ररी अशा ठिकाणी बसवलेली असते जिथे चालवतेवेळी ती सापडत नाही. हे कळण्यासाठी सर्वांत वरची नव्हे, तर लिबजीसीसीच्या उपफोल्डरमधली कॉन्फिग.लॉग ही फाइल उघडावी लागते, कारण कंपायलरने खरोखर केलेली तक्रार तिथेच नोंदलेली असते. संदेश त्या फाइलीचा उल्लेख करतो, पण कोणत्या फोल्डरमधली ते नवख्याला उमगत नाही, कारण त्या नावाच्या अनेक फाइली झाडभर पसरलेल्या असतात.

दुसरा दोष याहून मोठा, कारण तो आवाजच करत नाही. पर्यायाच्या नावात अक्षराची चूक झाली तर जीसीसीची कॉन्फिगर स्क्रिप्ट ती मुकाट्याने गिळते. अनेक उपस्क्रिप्टना एकच ओळ पुढे द्यायची असल्यामुळे एकीला अनोळखी वाटणारा पर्याय दुसरीसाठी असू शकतो, म्हणून अनोळखी पर्यायांची तपासणी इथे बंद ठेवलेली आहे. कारण समजण्यासारखे आहे, पण भुर्दंड वापरणाऱ्याला पडतो: बंद केलेली गोष्ट चालूच राहते आणि बिल्ड संपेपर्यंत त्याचा पत्ता लागत नाही. मेक अनेक कामे समांतर चालवत असताना त्रुटी आली की तीही पडद्यावर कित्येक ओळी वर निघून गेलेली असते आणि खाली फक्त एरर २ एवढेच शिल्लक राहते. यावर साधा उपाय म्हणजे समांतर कामांचा पर्याय न देता मेक पुन्हा चालवणे; झालेले काम ते पुन्हा करत नाही, आणि या वेळी खरी त्रुटी अगदी तळाशी दिसते.

एवढे सोसल्यावर जीसीसी जे देतो ते मात्र दुसरीकडे आपोआप मिळत नाही. नेहमीचे बिल्ड तीन टप्प्यांत होते; यालाच बूटस्ट्रॅप म्हणतात. यंत्रावरचा जुना कंपायलर पहिला टप्पा बांधतो, पहिल्या टप्प्यातला कंपायलर दुसरा आणि दुसऱ्यातला तिसरा. दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यातला कंपायलर एकाच सोर्समधून आलेला असल्यामुळे दोघांच्या ऑब्जेक्ट फाइली सारख्याच निघायला हव्यात, आणि शेवटी बिल्ड त्या फाइली डीबगची (चुका शोधण्यासाठीची) माहिती बाजूला ठेवून एकमेकींशी ताडून पाहते. फरक निघाला तर बूटस्ट्रॅपची तुलना फसल्याचे सांगून काम थांबते. म्हणजे यंत्रावरचा जुना कंपायलर सदोष असला आणि त्याने पहिल्या टप्प्यात घोळ घातला, तर तो घोळ इथे पकडला जाण्याची चांगली शक्यता असते. शिवाय नेहमीच्या मांडणीत दोन्हींपैकी एक टप्पा डीबगच्या माहितीसह आणि दुसरा तिच्याशिवाय बांधला जातो, त्यामुळे ती माहिती मागितल्याने निर्माण होणारा कोड बदलत नाही ना, हेही जाता जाता तपासून होते. या सुरक्षिततेची किंमत वेळेत मोजावी लागते: पहिला टप्पा ऑप्टिमायझेशनविना आणि जास्तीच्या अंतर्गत तपासण्यांसह बांधलेला असतो, आणि असा मंद कंपायलर दुसरा टप्पा बांधायला बसतो. घाई असेल तर डिसेबल-बूटस्ट्रॅप देऊन एकाच टप्प्यात काम उरकता येते, पण रोजच्या कामासाठी कंपायलर बसवायचा असेल तर मी तसे करायचा सल्ला देणार नाही. ती तुलना हेच सोर्सपासून जीसीसी बांधण्याचे खरे मोल आहे.

एलएलव्हीएमकडे वळले की वातावरणच बदलते. २००० मध्ये इलिनॉय विद्यापीठात ख्रिस लॅटनर आणि विक्रम अडवे यांनी सुरू केलेल्या या प्रकल्पाची पहिली आवृत्ती २००३ मध्ये आली, आणि २०१९ पासून क्लँग हा सी आणि सी++ चा कंपायलर, एलएलडी हा लिंकर (ऑब्जेक्ट फाइली जोडून प्रोग्राम बनवणारे साधन), सी++ ची लायब्ररी आणि बाकी सर्व भाग एकाच गिट भांडारात नांदतात. ऑटोकॉन्फची जुनी व्यवस्था ३.९ या आवृत्तीपासून काढून टाकलेली असल्यामुळे आता बिल्डची मांडणी ठरवणारा सीमेक हाच एक मार्ग आहे, आणि त्याच्या जोडीला मेकऐवजी कामे चालवणारा निंजा घेतला तर बिल्डचा अनुभव जीसीसीपेक्षा कितीतरी स्वच्छ होतो. एकूण पायऱ्या किती आणि झाल्या किती हे सतत दिसत राहते. काही अडले तर फसलेली आज्ञा आणि तिचे पूर्ण आउटपुट निंजा एकत्र छापतो. समांतर चालणाऱ्या कामांच्या ओळी एकमेकींत मिसळत नाहीत. सोर्समधली एकच फाइल बदलून पुन्हा बांधायचे असेल तर काय बदलले हे निंजा क्षणात ठरवतो. कंपायलरवर रोज काम करणाऱ्यासाठी एवढे एक कारणही पुरेसे आहे.

कॉन्फिगरच्या पायरीवरही एलएलव्हीएम बहुतांशी सरस ठरतो. मुख्य भागांची तपासणी सुरुवातीलाच एकत्र होते. एलएलव्हीएम १६ पासून सी++१७ लागते, म्हणून यंत्रावरचा जीसीसी ७.४ पेक्षा जुना असेल तर सीमेक लगेच नकार देतो. सोबत बांधायच्या प्रकल्पांच्या यादीत क्लँगचे नाव चुकीचे लिहिले तर असा प्रकल्प ठाऊक नाही असे सांगून थांबतो. पर्यायाचे नावच चुकले तर तो थांबत नाही, पण दिलेला अमुक पर्याय कुठेही वापरला गेला नाही असा इशारा शेवटी देतो. बिल्डचा प्रकार सांगितल्याशिवाय आता पुढेच जाता येत नाही. पूर्वी तो न सांगितल्यास डीबग प्रकार गृहीत धरला जाई आणि नवख्यांची डिस्क भरून जाई. एलएलव्हीएमच्या स्वतःच्या माहितीपत्रानुसार एलएलव्हीएम आणि क्लँग यांच्या डीबग बिल्डला १५ ते २० जीबी जागा लागते. फक्त वापरायला कंपायलर हवा असेल तर रिलीज हाच प्रकार निवडावा, आणि लक्ष्य प्रोसेसरांची यादी आपल्या यंत्रापुरती आखूड करावी. नाहीतर कधीही न लागणाऱ्या प्रोसेसरांसाठीचा कोडही बांधला जातो.

मात्र इथेही एक मूक जागा आहे. माहिती दाबून लहान करणाऱ्या झेडलिबसारख्या ऐच्छिक लायब्ररी चालू या स्थितीत असतात, पण त्याचा अर्थ सापडली तर वापरा एवढाच होतो. ती यंत्रावर नसेल तर बिल्ड तक्रार न करता तिच्याशिवाय पुढे जाते, आणि दाबलेली डीबग माहिती हाताळता येत नाही हे फार नंतर कळते. ज्यांना ती सुविधा हवीच आहे त्यांनी फोर्स-ऑन ही किंमत द्यावी, म्हणजे लायब्ररी नसताना सीमेक थांबतो. आयएसएल नसताना जीसीसीही असाच वागतो आणि तिच्यावर अवलंबून असलेले ग्रॅफाइट हे लूपचे ऑप्टिमायझेशन गुपचूप गाळतो, तेव्हा या बाबतीत दोघांनाही सारखेच उणे गुण. तसेच सीमेक आपल्या कॅशमध्ये जुन्या किमती जपून ठेवतो. ओळीतून एखादा पर्याय काढून टाकला म्हणून तो मूळ स्थितीला जात नाही. शंका आली की बिल्डचे फोल्डर पुसून नव्याने सुरुवात करणे हा उपाय इथेही चालतो.

एलएलव्हीएमचे खरे दुखणे शेवटाकडे आहे, आणि माझ्या निकषावर ते गंभीर आहे. हजारो फाइली निमूटपणे कंपाइल होतात, आकडा शेवटाला येऊ लागतो, आणि मग लिंकिंगची कामे एकाच वेळी सुरू होतात. त्यांतले प्रत्येक काम भरपूर मेमरी मागते, डीबग प्रकारात तर काही जीबी. रॅम संपली की लिनक्सचा कर्नल एखादे काम मारून टाकतो आणि पडद्यावर लिंकर मारला गेला एवढेच दिसते. नवखा माणूस कोडमध्ये दोष शोधत बसतो, जेव्हा दोष फक्त एवढाच असतो की प्रोसेसरचे गाभे (कोअर) जास्त आणि रॅम कमी आहे. उपाय उपलब्ध आहेत: एका वेळी चालणाऱ्या लिंकिंगच्या कामांवर मर्यादा घालणारा पर्याय आहे, प्रत्येक कामाला किती रॅम धरायची हे सांगून मर्यादा आपोआप काढून घेणाराही आहे, आणि जुन्या लिंकरऐवजी एलएलडी वापरला तर मेमरी आणि वेळ दोन्ही वाचतात. पण यांतले काहीही आपोआप लागू होत नाही. यंत्रावर किती रॅम आहे हे सीमेकला सहज विचारता येते; मग पहिल्याच मिनिटाला इशारा का देऊ नये, याचे पटणारे उत्तर मला सापडलेले नाही. जीसीसीची भूक तुलनेने बेताची असते, आणि कमी रॅमच्या यंत्रावर मी तोच निवडेन.

बूटस्ट्रॅपच्या बाबतीत एलएलव्हीएम सारे वापरणाऱ्यावर सोपवतो. क्लँगने क्लँग बांधण्याची सोय आहे आणि तिच्यासाठी पर्याय भरून ठेवलेल्या तयार कॅश फाइलीही सोर्समध्ये दिलेल्या आहेत, पण साध्या बिल्डमध्ये एकच टप्पा होतो. परिणामी यंत्रावरच्या जुन्या कंपायलरने बांधलेला क्लँग आहे तसा हाती येतो. सी++ ची लायब्ररी आणि प्रोग्राम चालताना चुका पकडणारे सॅनिटायझर यांसारखे भाग रनटाइम्सच्या यादीत दिले तर ते नुकत्याच तयार झालेल्या क्लँगने बांधले जातात. ही पद्धत योग्यच आहे. मात्र त्यांचे कॉन्फिगरही तेव्हाच, म्हणजे क्लँग तयार झाल्यानंतरच चालते, आणि जीसीसीत पाहिलेली उशिराच्या त्रुटींची अडचण इथे लहान प्रमाणात परत येते.

चाचण्यांविषयी थोडक्यात सांगता येईल. जीसीसीच्या चाचण्यांना डेजाग्नू, टीसीएल आणि एक्सपेक्ट लागतात, आणि एखाद्या आवृत्तीत काही चाचण्या फसणे सामान्य मानले जाते, त्यामुळे निकाल वाचायला अनुभव लागतो. एलएलव्हीएमच्या चाचण्या लिट या पायथनमधल्या साधनाने चालतात आणि ज्या आवृत्तीत त्या सगळ्या उत्तीर्ण होणे अपेक्षित असते तिथे एक जरी फसली तरी लक्ष वेधले जाते. इथे एलएलव्हीएम स्पष्टपणे पुढे आहे.

क्रॉस-कंपायलरसाठी मात्र चित्र पूर्ण वेगळे आहे. जीसीसीत लक्ष्य एकदा कॉन्फिगरच्या वेळी ठरते आणि प्रत्येक लक्ष्यासाठी वेगळा कंपायलर बांधावा लागतो. त्या लक्ष्यासाठीचा असेंब्लर आणि लिंकर देणारे बिनयुटिल्स आधी, मग लायब्ररीविना निव्वळ कंपायलर, मग सी लायब्ररी आणि शेवटी पूर्ण कंपायलर असा क्रम सांभाळावा लागतो. म्हणूनच हे सारे एका दमात करून देणारे क्रॉसटूल-एनजी लोकप्रिय झाले. क्लँग एकदा बांधताना ज्या प्रोसेसरांसाठी बांधला त्या सर्वांसाठी तोच कोड निर्माण करतो. चालवताना फक्त लक्ष्य सांगायचे. त्या लक्ष्याची सी लायब्ररी आणि हेडर फाइली मात्र आपल्यालाच जमवाव्या लागतात, आणि पहिल्या दिवशी ही बाब विसरणारे पुष्कळ भेटतात.

तेव्हा शिफारस अशी. रोजच्या कामासाठी एक नवा, खात्रीचा कंपायलर हवा असेल आणि तो एकदाच बांधायचा असेल तर जीसीसी घ्यावा, डाउनलोड-प्रीरिक्विझिट्स चालवावी, सी आणि सी++ या दोनच भाषा मागाव्यात, मल्टिलिब बंद करावे आणि तिन्ही टप्पे पूर्ण होऊ द्यावेत. कंपायलरच्या कोडमध्ये बदल करून तो पुन्हा पुन्हा बांधायचा असेल, किंवा अनेक प्रोसेसरांसाठी एकच कंपायलर पुरावा असे वाटत असेल, आणि रॅम भरपूर असेल, तर एलएलव्हीएमला पर्याय नाही. कॉन्फिगरची ओळ दोन्हींसाठी एका छोट्या स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवावी. वितरणाने आपला जीसीसी कसा बांधला हे पाहायचे असेल तर जीसीसीला उणे व्ही (-v) हा पर्याय द्यावा; कॉन्फिगरची पूर्ण ओळ तो छापतो, आणि आपली ओळ रचताना तिच्यापेक्षा चांगला आधार मिळत नाही.

बसवून झाल्यावरही एक अडचण उरते आणि ती दोन्ही संचांना लागू आहे. नव्या जीसीसीने बांधलेला सी++ चा प्रोग्राम चालवला की जीएलआयबीसीएक्सएक्सची (जीसीसीच्या सी++ लायब्ररीची) अमुक आवृत्ती सापडत नाही असा संदेश येऊ शकतो, कारण चालवतेवेळी यंत्रावरची जुनी लायब्ररी उचलली जाते. नव्या प्रिफिक्समधल्या लिब६४ फोल्डरची वाट प्रोग्राममध्येच आरपाथ म्हणून नोंदवली की हे मिटते. क्लँगचे थोडे वेगळे आहे. लिनक्सवर तो मुळात यंत्रावर सापडलेल्या जीसीसीचीच सी++ लायब्ररी वापरतो, त्यामुळे यंत्रावरचा जीसीसी जुना असेल तर अगदी नवा क्लँग बांधूनही नव्या मानकातली लायब्ररीची अंगे मिळत नाहीत. मग क्लँगला नव्या जीसीसीचे ठिकाण पर्यायातून दाखवावे, किंवा रनटाइम्सच्या यादीत एलएलव्हीएमची स्वतःची सी++ लायब्ररी मागून ती वापरावी. माझी पसंती पहिल्या मार्गाला आहे, कारण यंत्रावरच्या बाकी सी++ लायब्ररी जीसीसीच्याच लायब्ररीशी जोडलेल्या असतात आणि एकाच प्रोग्राममध्ये दोन्ही आल्या तर लिंकिंगच्या नव्या त्रुटी सुरू होतात.